सायकल सांगाडा

सायकल सांगाडा : सायकलीची चाके, आसन, हँडल व पेडल हे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य आधार. स्वाराचे वजन चाकांवर वाहून नेणे, पायांचा जोर साखळीवाटे मागील चाकाकडे जात असता न वाकणे आणि आसन, हँडल व पेडल यांमधील अंतरे कायम राखणे ही सांगाड्याची तीन कार्ये होत. पहिली दोन कार्ये पदार्थाच्या व नळ्यांच्या बळकटीवर अवलंबून असतात. तिसऱ्याचा संबंध मात्र स्वाराच्या शरीरमानाशी असतो. सांगाड्याच्या सु. दोनशे वर्षांच्या इतिहासात लाकूड, लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम व कार्बन तंतू असा पदार्थ बदलत गेला. पण तो कोणाच्या शरीराला बेतून करावयाचा, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर नव्याने उभा राहिला. प्रस्तुत नोंदीत डोंगरी सायकलींच्या क्रॉस-कंट्री शर्यतीसाठी वापरण्यात येणाऱ्या कार्बन सांगाड्यापर्यंतचा इतिहास आणि सांगाड्याचे माप ठरविण्याची रीत यांची माहिती दिली असून, भूमीनुसार करावयाच्या निवडीसाठी गोंदिया जिल्ह्याचे उदाहरण घेतले आहे.

प्रारंभीचे सांगाडे : जर्मनीतील मॅनहाइम येथे कार्ल फोन द्राइस यांनी १८१७ मध्ये तयार केलेल्या दुचाकीचा सांगाडा म्हणजे दोन चाकांना जोडणारी लाकडी तुळई होती. तिला पेडल नव्हते. स्वार तुळईवर बसून पायांनी जमीन मागे रेटीत असे. त्यामुळे आसन त्याच्या पायांच्या लांबीला जुळणे अपरिहार्य होते. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढील चाकाच्या आसाला पेडल जोडलेल्या लोखंडी सांगाड्याच्या सायकली प्रचारात आल्या. पेडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होत असल्याने वेग वाढविण्याचा मार्ग म्हणजे चाक मोठे करणे, हा होता. परिणामी १८७० नंतर इंग्लंडमध्ये सु. १·२ ते १·५ मी. व्यासाचे पुढील चाक असलेली उंच सायकल रूढ झाली. तिच्या चाकाचा व्यास स्वाराच्या पायाच्या लांबीवरून ठरवावा लागे. लांब पायांच्या माणसाला मोठे चाक व म्हणून अधिक वेग मिळे; ठेंगण्या माणसाला तो मिळत नसे. शरीरमानानुसार सायकल निवडण्याची पद्धत अशा रीतीने फार जुनी आहे.

जॉन केम्प स्टार्ली यांनी कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये बनविलेल्या ‘रोव्हर’ सायकलीत पेडल दोन चाकांच्या मध्ये आणून साखळीने मागील चाकाला गती देण्यात आली. त्यामुळे चाकाचा आकार व पायाची लांबी यांचा संबंध तुटला. जॉन बॉइड डनलॉप यांच्या हवा भरलेल्या टायरमुळे (१८८८) लहान चाकांचे हादरेही सुसह्य झाले. १८९० च्या सुमारास आसनाची नळी, वरची नळी, तिरपी खालची नळी व हँडलची आखूड नळी यांनी बनलेला पुढील भाग आणि त्याला जोडलेला मागील त्रिकोण असा शंकरपाळ्याच्या आकाराचा सांगाडा स्थिर झाला. कमी पदार्थात अधिक बळकटी देणारी ही रचना आजही मूळ रूपात टिकून आहे. स्त्रियांच्या पायघोळ पोशाखासाठी वरची नळी खाली उतरवलेला निराळा सांगाडा त्याच काळात प्रचारात आला. टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा नळ्यांचे एकस्व आल्फ्रेड रेनल्ड्स यांनी १८९७ मध्ये घेतले. १९३५ मध्ये त्यांच्या कंपनीने बाजारात आणलेल्या ‘५३१’ या मँगॅनीज व मॉलिब्डेनमयुक्त पोलादी नळ्या पुढे कित्येक दशके शर्यतीच्या सायकलींसाठी प्रमाणभूत मानल्या जात.

भारतातील सांगाडा : भारतात सायकली प्रथम ब्रिटनमधून आयात होत. देशी उत्पादनाला दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रारंभ झाला व मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्स हा कारखाना निघाला. स्वातंत्र्योत्तर काळात मद्रास येथे टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपत येथे ॲटलास (१९५१) व लुधियाना येथे हीरो (१९५६) हे मोठे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी प्रामुख्याने काढलेली काळी, जड सायकल इंग्रजी रोडस्टर नमुन्याची होती. तिचे वजन सु. २० किग्रॅ. असून सांगाडा सामान्यतः २२ किंवा २४ इंची असे. हे माप आसनाच्या नळीच्या लांबीचे होय. चाके २८ इंची व चिमटा बराच कललेला असल्याने खडबडीत रस्त्यावरही ती सरळ व स्थिर चाले. खेड्यापाड्यांत धानाचे पोते, दुधाचे कॅन, सरपणाचा भारा व मागे बसलेले माणूस असे सर्व ओझे तिने वाहिले.

या सायकलीची उणीव मापाची होती. २२ इंची सांगाड्याची वरची नळी जमिनीपासून ८० सेंमी.हून अधिक उंच येते. ज्या व्यक्तीच्या पायाची आतील लांबी याहून कमी आहे, तिला ही सायकल दोन पायांत घेऊन उभे राहता येत नाही. बहुसंख्य स्त्रिया, शाळकरी मुले आणि पुष्कळसे ठेंगणे पुरुष यांना हा सांगाडा मोठाच होई. मुलांनी यावर आपला तोडगा काढला. वरच्या नळीखालून एक पाय पलीकडे घालून, अंग एका बाजूला तोलून, अर्धे अर्धे पेडल मारण्याच्या या रीतीस विदर्भात व अन्यत्रही ‘कैची’ म्हणतात. अनेक पिढ्यांनी सायकल चालविण्याचे पहिले धडे असेच घेतले. कैची हे कौशल्य असले, तरी सांगाडा स्वाराला जुळत नसल्यामुळे स्वाराला सांगाड्याशी जुळवून घ्यावे लागल्याचे ते उदाहरण आहे. पुढे खाली उतरत्या नळीच्या सायकली ग्रामीण भागात मोठ्या संख्येने पोहोचल्यावर मुलींच्या शाळेच्या वाटेतील ही अडचण दूर झाली. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाखाली निवडक तालुक्यांतील शाळकरी मुलींना देण्यात आलेल्या सायकली याच प्रकारच्या होत.

शर्यतीच्या सायकलींची परंपरा महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने वाढली. बोरघाटाचा चढ असलेली मुंबई–पुणे शर्यत अनेक दशके गाजत आली. अशा शर्यतींतील स्पर्धक हलक्या पोलादी सांगाड्याच्या सायकली वापरीत. त्या बव्हंशी आयात केलेल्या असत. त्यामुळे मापापेक्षा उपलब्धता महत्त्वाची ठरे व मिळेल तो सांगाडा आसन आणि हँडल वरखाली करून वापरावा लागे.

डोंगरी सायकलीचा उदय : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकलींवरून टॅमल्पायस डोंगराच्या कच्च्या वाटा उतरू लागले. तेथील ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत प्रथम १९७६ मध्ये झाली. हे जुने सांगाडे मोडू लागल्याने जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या उपयोगासाठी खास पोलादी सांगाडा तयार केला. टॉम रिची यांनी बांधलेले सांगाडे गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ पासून विकावयास आरंभ केला आणि १९८१ मध्ये स्पेशलाइझ्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ ही मोठ्या प्रमाणावर निर्मिलेली डोंगरी सायकल बाजारात आली.

आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या मान्यतेची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये अमेरिकेतील दुरँगो येथे झाली. तीत क्रॉस-कंट्री प्रकारात नेड ओव्हरएंड व जूली फुर्तादो हे विजयी झाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या प्रकाराचा समावेश झाला आणि नेदर्लंड्सचे बार्ट ब्रेंट्येन्स व इटलीच्या पाओला पेत्सो यांनी पहिली सुवर्णपदके मिळविली. ऑलिंपिक क्रॉस-कंट्री शर्यत काही किमी. लांबीच्या वळसेदार कच्च्या मार्गाच्या अनेक फेऱ्यांची असून ती सु. दीड तास चालते. आखूड तीव्र चढ, झाडांची मुळे, दगडी पायऱ्या व अरुंद वळणे यांतून जावे लागत असल्याने सायकल चढावर हलकी व उतारावर स्थिर असावी लागते. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. त्यांचा मेळ घालण्यासाठीच सांगाड्यांत पुढील बदल झाले.

भारतात हा क्रीडाप्रकार अलीकडचा आहे. भारतीय सायकल महासंघ राष्ट्रीय स्पर्धा भरवितो. २०२३ मध्ये आशियाई डोंगरी सायकल अजिंक्यपद स्पर्धा केरळमधील पोनमुडी येथे झाली. महाराष्ट्रातील खेळाडूंपैकी संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी या प्रकारात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले आहे.

कार्बन सांगाडा : कार्बन तंतू हे संमिश्र पदार्थाचे घटक म्हणून १९६० नंतर औद्योगिक उपयोगात आले. ब्रिटनमध्ये फार्नबरो येथील विमानविषयक संस्थेत व जपानमध्ये त्यांवर महत्त्वाचे संशोधन झाले. तंतूंचे पातळ पट्टे रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर बसवितात व उष्णता आणि दाब देऊन घट्ट करतात. अशा पदार्थाची घनता सु. १·६ असते, ॲल्युमिनियमची २·७ व पोलादाची ७·८ आहे. धातू सर्व दिशांनी सारखाच बळकट असतो. कार्बनची बळकटी मात्र तंतूंच्या दिशेत असते. म्हणून मधल्या आसाजवळ ताठर व आसनाखाली किंचित लवचिक असा सांगाडा केवळ थरांची दिशा व संख्या बदलून करता येतो. एकाच साच्यातून निघालेले दोन सांगाडे गुणांनी अगदी भिन्न असू शकतात, ते याच कारणाने.

१९७५ च्या सुमारास धातूच्या जोडांत कार्बनच्या नळ्या चिकटवून केलेले सांगाडे विक्रीस आले. १९८६ मध्ये अमेरिकेतील केस्ट्रेल कंपनीने साच्यात घडविलेला पूर्ण कार्बनचा सांगाडा बाजारात आणला. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन यांनी लोटस कंपनीच्या एकसंध कार्बन सांगाड्यावर सुवर्णपदक मिळविल्यानंतर या पदार्थाची ख्याती सर्वत्र झाली. डोंगरी सायकलीत त्याचा प्रसार सावकाश झाला. कारण दगडाचा मार व पडझड येथे नित्याची असते. आज जागतिक पातळीवरील क्रॉस-कंट्री स्पर्धकांचे सांगाडे जवळजवळ सर्व कार्बनचे असतात. मागे आघातशोषक नसलेला कार्बन सांगाडा सु. ०·९ ते १·२ किग्रॅ., तर त्याच प्रकारचा ॲल्युमिनियमचा सांगाडा सु. १·५ ते १·८ किग्रॅ. भरतो.

या फरकाचे मोल हिशेबानेच समजते. स्वार ६० किग्रॅ. व सायकल १० किग्रॅ. असे धरल्यास ०·५ किग्रॅ. बचत ही एकूण भाराच्या सु. ०·७ टक्के होते. पाच मिनिटांच्या तीव्र चढावर तीमुळे सु. दोन सेकंद वाचतात. अटीतटीच्या शर्यतीत दोन सेकंदही मोलाचे असतात. परंतु चुकीच्या मापामुळे पाठ अवघडली किंवा वळणावर तोल गेला, तर याच्या अनेक पट वेळ जातो.

बैठकीची भूमिती : प्रारंभीच्या डोंगरी सायकलींची बैठक सडकेवरील शर्यतीच्या सायकलींवरून घेतलेली होती. सांगाडा आखूड, हँडल अरुंद, हँडलला धरणारा दांडा १० ते १२ सेंमी. लांब व चिमट्याचा आडव्याशी कोन ७१° च्या आसपास असे. तीव्र उतारावर स्वाराचे वजन पुढे येऊन तो हँडलवरून फेकला जाण्याची भीती असे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून सांगाडा लांब व हँडलचा दांडा आखूड करण्याकडे कल वाढला. २००० नंतर २९ इंची चाके आली व २६ इंची चाके शर्यतींतून हळूहळू मागे पडली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाचे यारोस्लाव्ह कुल्हाव्ही २९ इंची चाकांच्या सायकलीवर विजयी झाले. आजच्या क्रॉस-कंट्री सांगाड्यांत चिमट्याचा कोन सु. ६७° ते ६८°, आघातशोषक चिमट्याची चाल १० ते १२ सेंमी., हँडलची रुंदी सु. ७४ ते ७६ सेंमी. व त्याचा दांडा ६ ते ८ सेंमी. असतो. जुन्या रोडस्टरचा चिमटाही असाच कललेला असे. खराब वाटेवर स्थिरता हवी असेल, तर चिमटा पुढे कललेला असावा, हे तत्त्व शर्यतीच्या सायकलीने उशिरा स्वीकारले.

माप ठरविणे : आसनाच्या नळीची लांबी हे जुने माप वरची नळी आडवी होती तोवर उपयुक्त होते. आता ती नळी उतरती असल्याने त्या मापावरून सांगाडा ओळखता येत नाही. ‘लहान’, ‘मध्यम’, ‘मोठा’ ही नावेही कंपनीगणिक बदलतात. यामुळे पुढील दोन मापे अधिक विश्वसनीय ठरली आहेत. पेडलाचे दांडे ज्यावर फिरतात त्या मधल्या आसाच्या केंद्रापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे ‘रीच’ आणि उभे अंतर म्हणजे ‘स्टॅक’ होय. उतारावर स्वार पेडलांवर उभा असताना त्याला मिळणारी जागा रीचवरून कळते. हँडल किती उंच येईल, हे स्टॅकवरून कळते. आधुनिक क्रॉस-कंट्री सांगाड्यांत लहान मापाची रीच सु. ४१ ते ४३ सेंमी., मध्यमाची ४३ ते ४५ सेंमी. व मोठ्याची ४५ ते ४८ सेंमी. असते.

प्रत्यक्ष मोजणीचा क्रम असा : स्वाराने अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, दोन पायांत एक जाड पुस्तक आसनाप्रमाणे वर दाबून धरावे व त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतची लांबी घ्यावी. ही पायाची आतील लांबी होय. तिला ०·८८३ ने गुणिले असता मधल्या आसापासून आसनाच्या माथ्यापर्यंतची उंची स्थूलमानाने मिळते, उदा., आतील लांबी ८० सेंमी. असल्यास आसनाची उंची सु. ७०·६ सेंमी. येते. हा आकडा प्रारंभापुरता धरावा. पेडल तळाशी असता गुडघा सु. २५° ते ३५° वाकलेला राहील, इतपत त्यात फेरफार करतात. वरची नळी व स्वार यांत किमान ५ सेंमी. मोकळी जागा असावी.

यानंतर धड व हात यांची लांबी पाहून रीच ठरवितात. समान उंचीच्या दोन व्यक्तींत एकीचे पाय लांब व धड आखूड, तर दुसरीचे नेमके उलट असू शकते. म्हणून केवळ उंचीच्या तक्त्यावरून केलेली निवड फसते. दोन मापांच्या सीमेवर असलेल्या स्वाराने वळणदार मार्गासाठी लहान व वेगवान, मोकळ्या मार्गासाठी मोठे माप घ्यावे, असा सामान्य संकेत आहे. हँडलखाली कडी घालून ते १ सेंमी. उंच केल्यास चिमट्याच्या कलामुळे ते सु. ४ मिमी. मागेही येते; हँडलचा दांडा बदलून १ ते २ सेंमी.चा फरक भरून काढता येतो. याहून मोठी चूक मात्र सुटे भाग बदलून दुरुस्त होत नाही. आसन फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील बाजूस, फार वर असल्यास मागील बाजूस वेदना होतात. हँडल फार दूर असल्यास मान व कंबर दुखते आणि तळहातावरील दाबाने बोटे बधिर होतात.

भूमी व निवड – गोंदिया जिल्हा : सांगाड्याची निवड शरीराबरोबर भूमीवरही अवलंबून असते, हे गोंदिया जिल्ह्यावरून स्पष्ट होते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा बराच भाग भातशेतीचा असून वैनगंगा, बाघ व चुलबंद या त्यातील प्रमुख नद्या होत. भाताच्या बांध्यांचे धुरे, मुरमाचे रस्ते आणि कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांच्या पाळी या येथील नैसर्गिक सायकलवाटा आहेत. सालेकसा तालुक्यातील दरेकसा परिसर व नागझिरा–नवेगावच्या टेकड्या वगळता दीर्घ चढ थोडे आहेत. नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या (२०१३) क्षेत्रात वन्यजीव संरक्षणाचे नियम लागू असल्याने सरावाचा मार्ग त्याबाहेरच आखावा लागतो.

अशा भूमीत सराव करणाऱ्या स्पर्धकाला सांगाड्याच्या हलकेपणाचा लाभ थोडा व बैठकीच्या अचूकपणाचा लाभ अधिक होतो. कारण सपाट वाटेवर तासन् तास एकाच बैठकीत पेडल मारावे लागते. पावसाळ्यात भातजमिनीचा चिखल टायरला चिकटून मागील त्रिकोणात अडकतो व त्यातील खडे कार्बनला घासून झिजवितात. म्हणून ५६ ते ६१ मिमी. रुंदीचा टायर बसवूनही दोन्ही बाजूंस किमान ६ मिमी. जागा राहील, असा सांगाडा येथे योग्य होय. मागील आघातशोषकाचे सांधे चिखल व पाण्याने लवकर खराब होतात. दगडी उतार कमी असलेल्या या भागात मागे आघातशोषक नसलेला साधा सांगाडा स्वस्त, हलका व देखभालीस सोपा पडतो. सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवर किंवा पोनमुडीसारख्या मार्गावर नित्य स्पर्धा करणाऱ्याची निवड याहून भिन्न असू शकते.

निगा : धातूचा सांगाडा बहुधा प्रथम वाकतो, कार्बनचा वाकत नाही, तर त्याचे थर आतून सुटतात व तो नंतर एकाएकी तुटू शकतो. पडल्यानंतर रंगातील भेगा तपासाव्यात व संशयित जागेवर नाण्याने हलके ठोकून पाहावे. इतरत्र खणखणीत व तेथे बद्द आवाज आल्यास सायकल वापरू नये. बोल्ट कंपनीने नेमून दिलेल्या परिबलापर्यंतच आवळावे लागतात. सामान्य सायकल दुकानात अंदाजाने पाना मारण्याची रीत येथे धोक्याची ठरते. वापरलेला कार्बन सांगाडा विकत घेताना ही तपासणी विशेष आवश्यक असते. तालुक्याच्या गावी कार्बन दुरुस्त करणारा कारागीर सहसा नसतो, हेही किंमतीइतकेच विचारात घ्यावे लागते.

अशा प्रकारे क्रॉस-कंट्री सांगाड्याची निवड माप, भूमिती, भूमीस अनुरूप रचना व शेवटी पदार्थ या क्रमाने करणे इष्ट ठरते. शरीराला जुळणारा ॲल्युमिनियमचा सांगाडा न जुळणाऱ्या कार्बन सांगाड्यापेक्षा शर्यतीत सरस ठरू शकतो. मर्यादित पैशात पहिली सायकल घेणाऱ्या ग्रामीण खेळाडूच्या बाबतीत हा क्रम अधिकच महत्त्वाचा आहे. कारण एकदा घेतलेला सांगाडा त्याला वाढीच्या व सरावाच्या अनेक वर्षांत बदलता येत नाही.